गरज मार्चची, निवड एप्रिलची



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते संख्याशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी हमखास मैदानावर सापडायचे. वर्गात कुणी छातीठोक विधान केलं, की हे आधीच ठाऊक होतं का निकाल लागल्यावर सुचलं, एवढंच ते विचारायचे. आजच्या माझ्या विषयात हा प्रश्न पावलोपावली आडवा येतो. विषय असा : नवे खेळाडू घेताना एखाद्या फुटबॉल संघाने आपल्यात काय कमी आहे ते बघून निवड केली, तर संघ खरोखर सुधारतो का?

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. मी बरीच वर्षं मिनेसोटात राहतो. तिथला संघ मिनेसोटा व्हायकिंग्ज. माझी बहुतेक उदाहरणं याच संघाची असतील, कारण त्याच्यावर माझा जीव आहे आणि या प्रश्नाच्या सगळ्या बाजू त्या एका संघाच्या इतिहासात सापडतात.

आयपीएलचा लिलाव आपण सगळे बघतो. नवे खेळाडू निवडण्याच्या अमेरिकन पद्धतीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, बोली लागत नाही. लीगमध्ये ३२ संघ असतात, सात फेऱ्या असतात आणि समोर कॉलेजातून बाहेर पडणारी मुलं असतात. आदल्या हंगामात जो तळाला राहिला त्याचा पहिला नंबर, जो जिंकला त्याचा शेवटचा. ज्या संघाने नाव पुकारलं त्याच संघाकडे मुलाने जायचं. पहिला करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरीतला खेळाडू असेल तर संघाला पाचवं वर्षही राखून ठेवता येतं. हा चार-पाच वर्षांचा आकडा कृपया लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

या खेळात जागा फार. चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, लाथ मारणारे आणखी वेगळे. एकूण ५३ जणांचा ताफा. क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं, रक्षण करणाऱ्या दीडशे किलोच्या टॅकलला चेंडू झेलायला पळवता येत नाही आणि चेंडू झेलणाऱ्या नव्वद किलोच्या रिसीव्हरला टॅकलच्या जागी उभं करता येत नाही. त्यामुळे जानेवारीत हंगाम संपला, की गावातला प्रत्येक माणूस बोटांवर मोजून सांगतो : आपल्याला डावा टॅकल नाही, रिसीव्हरला अडवणारा कॉर्नरबॅक नाही, क्वार्टरबॅकचं वय झालं. मग एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्टचे तीन दिवस येतात आणि दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भोक दिसतंय तिथे ठिगळ लावा. दुसरा म्हणतो, भोकं विसरा. यादीत उरलेल्यांतला सगळ्यांत चांगला कोण, तो उचला.

ड्राफ्टचा जन्मच मुळी गरजेतून झाला. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ सारखा हरत होता आणि चांगली पोरं श्रीमंत, जिंकणाऱ्या संघांकडे जात होती. त्यांनी सुचवलं की दुबळ्याला आधी निवडू द्या. १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिली निवड झाली. पहिलं नाव जे बर्वांगर या शिकागोच्या विद्यार्थ्याचं, आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एक सामनाही खेळला नाही. म्हणजे संघाच्या गरजेचा हिशोब क्रम ठरवतानाच होऊन गेलेला असतो. जो अडला त्याला आधी संधी मिळालेलीच असते. त्यानंतर पुन्हा गरज मोजायची का, एवढाच वाद उरतो.

आता २००५ च्या वसंतात चला. मला या प्रश्नाचं उत्तर त्या एका वसंतात सगळ्यांत स्वच्छ दिसतं.

व्हायकिंग्जकडे रँडी मॉस होता. उंच, अचाट वेगाचा, दोन बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू काढून घेणारा रिसीव्हर. त्याचं आणि संघाचं बिनसलं होतं. मार्च २००५ मध्ये त्याला ओकलंडला देऊन टाकलं, आणि बदल्यात जे आलं त्यात ओकलंडचा पहिल्या फेरीतला सातवा क्रमांक, म्हणजे निवडीची सातवी पाळी, होती. त्याच मार्चमध्ये संघाने आणखी एक काम केलं, ज्याची तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. बचावाची फळी कच्ची होती, म्हणून करार संपलेल्या मोकळ्या खेळाडूंच्या बाजारातून बफेलोचा पॅट विल्यम्स घेतला. अगडबंब माणूस, वय बत्तिशीला आलेलं, आठ हंगाम खेळलेला. तो कसा खेळतो याच्या फिती संघाकडे होत्या, काय अपेक्षा करायची ते माहीत होतं. तो आणि आधीपासून असलेला केव्हिन विल्यम्स अशी जोडी मध्यभागी उभी राहिली आणि २००६, २००७, २००८ अशी सलग तीन वर्षं धाव अडवण्यात व्हायकिंग्ज लीगमध्ये पहिले आले. गरज होती, गरज पाहून माणूस आणला आणि संघ सुधारला.

मग एप्रिल आला. मॉस गेला, आता रिसीव्हर हवा, हे अख्ख्या मिनेसोटाला पाठ झालं होतं. सातव्या क्रमांकावर संघाने साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा ट्रॉय विल्यमसन घेतला. मुलगा वाऱ्यासारखा पळायचा. मॉस पळायचा, हाही पळतो, असा सरळ हिशोब त्या निवडीत वाचता येतो. आपल्याला काय हवंय हे एकदा पक्कं झालं, की समोरच्या माणसात तेवढंच दिसायला लागतं. विल्यमसनचा वेग खरा होता. पण चेंडू हातात टिकत नव्हता. २००६ च्या पूर्ण हंगामात त्याच्या नावावर एकही टचडाऊन, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे नेऊन मिळवलेली यशस्वी चढाई, नाही. त्याने हार मानली नाही. चेंडूचं अंतर नजरेला नीट कळावं म्हणून डोळ्यांचं खास प्रशिक्षणही घेतलं. फरक पडला नाही. २००८ च्या सुरुवातीला संघाने त्याला सहाव्या फेरीतल्या एका क्रमांकाच्या बदल्यात जॅक्सनव्हिलला देऊन टाकलं.

इथवरची गोष्ट मिनेसोटात कुणालाही विचारा, सांगतील. त्याच दिवशी जे घडलं नाही, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॅलिफोर्नियाचा एरन रॉजर्स नावाचा क्वार्टरबॅक ड्राफ्ट चालू असलेल्या न्यूयॉर्कच्या सभागृहात पाहुण्यांच्या खोलीत बसून होता. पहिल्या क्रमांकावर आपलं नाव येईल अशी त्याला आशा होती. तिथे ॲलेक्स स्मिथचं आलं. मग तास गेले. कॅमेरा दर थोड्या वेळाने त्याच्या चेहऱ्यावर जायचा. बाकीची टेबलं रिकामी होत गेली आणि हा तसाच बसलेला. त्या पहिल्या फेरीत व्हायकिंग्जची पाळी दोनदा आली, सातव्या आणि अठराव्या क्रमांकावर. दोन्ही वेळा त्यांनी रॉजर्सला सोडलं. त्यांचं काही चुकलं असं त्या दिवशी कुणीही म्हटलं नसतं. त्यांच्याकडे डॉन्टे कल्पेपर होता. आदल्याच हंगामात त्याने ४,७१७ यार्ड आणि ३९ टचडाऊन फेकले होते. क्वार्टरबॅकची गरज शून्य.

तीस ऑक्टोबर २००५. कॅरोलायनाविरुद्ध कल्पेपरच्या गुडघ्याचे तीन अस्थिबंध एकाच फटक्यात तुटले. पुढच्या मार्चमध्ये तो मायामीला गेला. एप्रिलमध्ये शून्य असलेली गरज सहा महिन्यांत संघाची सगळ्यांत मोठी गरज झाली आणि पुढची कित्येक वर्षं तशीच राहिली.

रॉजर्सला चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बे पॅकर्सने घेतलं. व्हायकिंग्जचा शेजारी आणि हाडवैरी. त्यांच्याकडे ब्रेट फार्व्ह होता, त्या काळातला सगळ्यांत प्रसिद्ध क्वार्टरबॅक, आणि तो थांबायला तयार नव्हता. रॉजर्स तीन हंगाम बाकावर बसला. २००८ मध्ये मैदानात आला, २०१० च्या हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला आणि पुढे चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि आमचं काय? फार्व्हला ग्रीन बेने रॉजर्ससाठी जागा करायला सोडलं, तो न्यूयॉर्कमार्गे २००९ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर मिनेसोटाला आला. त्याने आम्हाला त्या हंगामात अंतिम फेरीच्या दारापर्यंत नेलं, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण शेजाऱ्याला नको झालेल्या क्वार्टरबॅकवर आपला त्या काळातला सर्वोत्तम हंगाम उभा राहिला, आणि शेजाऱ्याकडे त्याच जागेवर पुढच्या दहा-बारा वर्षांची सोय होती.

सर इथे मला थांबवून विचारतील : हे तुला आधी माहीत होतं का? नव्हतं. रॉजर्स एवढा मोठा होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, नाहीतर तो चोविसाव्या क्रमांकापर्यंत पोचलाच नसता. पण एक गोष्ट आधी माहीत असण्यासारखी होती. गरज ही आजची असते आणि करार चार-पाच वर्षांचा असतो. कॉलेजातून आलेला मुलगा तयार व्हायला बहुतेक जागांवर दोन-तीन वर्षं घेतो. तोवर ज्या गरजेसाठी त्याला आणलं ती गरजच राहिलेली नसते. दुसरीच उभी राहिलेली असते. फुटबॉलमध्ये गुडघे तुटतात, प्रशिक्षक बदलतात, पगाराच्या मर्यादेपायी माणसं सोडावी लागतात. एप्रिलमध्ये काढलेली गरजांची यादी डिसेंबरपर्यंत टिकेल असं धरून चालणं हा माझ्या मते या व्यवसायातला सर्वांत महागडा भ्रम आहे.

याच संघाने याच्या उलट केलं तेव्हाचंही बघा. १९९८ मध्ये त्यांच्याकडे क्रिस कार्टर आणि जेक रीड असे दोन उत्तम रिसीव्हर होते. रिसीव्हरची गरज नव्हती. एकविसाव्या क्रमांकावर रँडी मॉस समोर आला. त्याच्या वर्तनाच्या जुन्या भानगडींमुळे बाकीचे बिचकले होते. यांनी घेतला. पहिल्याच हंगामात त्याने १७ टचडाऊन केले, संघ १५ सामने जिंकला, एक हरला आणि ५५६ गुणांचा तेव्हाचा विक्रम झाला. सगळं श्रेय मॉसचं नव्हे. रँडल कनिंगहॅमसारखा निवृत्तीतून परतलेला क्वार्टरबॅक त्या वर्षी अफाट खेळला.

२००७ मध्ये तेच. संघाकडे चेस्टर टेलर होता, आदल्या हंगामात चेंडू घेऊन १,२१६ यार्ड धावलेला रनिंग बॅक. गरज क्वार्टरबॅकची होती, रिसीव्हरची होती. सातव्या क्रमांकावर ओक्लाहोमाचा एड्रियन पीटरसन उरला होता. कॉलेजात त्याचं गळ्याचं हाड मोडलं होतं म्हणून काही जण साशंक होते. व्हायकिंग्जनी त्याला घेतलं. चार नोव्हेंबर २००७ रोजी सॅन डिएगोविरुद्ध तो एका सामन्यात २९६ यार्ड धावला, लीगच्या इतिहासात एका सामन्यातला सर्वाधिक आकडा.

त्या सामन्याला ट्रॉय विल्यमसन नव्हता. ज्या आजीने त्याला वाढवायला हातभार लावला होता ती वारली होती आणि तो तिच्या अंत्यविधीच्या तयारीसाठी गावी गेला होता. गैरहजेरीबद्दल संघाने त्याचं त्या सामन्याचं मानधन कापलं. संघातल्या सहकाऱ्यांना ते खटकलं, बाहेरही ओरड झाली, तेव्हा ते परत करायचं ठरलं. पैशाचा प्रश्न सुटला. पण मला त्या आठवड्यातला तो चोवीस वर्षांचा मुलगा दिसतो. संघाने त्याला रँडी मॉसच्या आठवणीसाठी आणलं होतं. तो रँडी मॉस नव्हता, तसं त्याने कधी म्हटलंही नव्हतं. एखादा संघ पंधराव्या-विसाव्या क्रमांकावर त्याला त्याच्या वेगासाठी घेता, दोन वर्षं हळूहळू शिकवता, तर कदाचित वेगळं घडलं असतं, कदाचित नसतंही. गरज पाहून घेतलेल्या मुलाला शिकायला वेळ मिळत नाही, कारण जागा रिकामी असते आणि स्टेडियम भरलेलं असतं. या प्रकाराचा हिशोब संघाच्या नफ्यातोट्यात मांडला जातो. मुलाच्या बाजूने तो कुणीच मांडत नाही, आणि याचा मला खरोखर राग येतो.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं उदाहरण. तेही व्हायकिंग्जचंच, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

२०२० च्या मार्चमध्ये संघाने पुन्हा एक नामांकित रिसीव्हर देऊन टाकला. स्टीफॉन डिग्ज बफेलोला गेला आणि बदल्यात पहिल्या फेरीतला बाविसावा क्रमांक आला. पुन्हा रिसीव्हरची जागा रिकामी, पुन्हा सगळ्या गावाला ते ठाऊक, पुन्हा त्याच देवघेवीत मिळालेला क्रमांक. २००५ ची जणू नक्कलच. आणि त्या बाविसाव्या क्रमांकावर त्यांनी लुइझियाना स्टेटचा जस्टिन जेफरसन घेतला. पहिल्याच हंगामात १,४०० यार्ड, २०२२ मध्ये १,८०९ यार्ड आणि लीगमध्ये पहिला. आज तो अमेरिकेतल्या सर्वोत्तम रिसीव्हरांत गणला जातो. गरज पाहून केलेली निवड, आणि याहून चांगली निवड त्या फेरीत शोधूनही सापडणार नाही. मग मी कुठल्या तोंडाने गरजेला नावं ठेवतो?

त्याच्या आधीच्याच क्रमांकावर, एकविसाव्यावर, फिलाडेल्फिया ईगल्स होते. त्यांनाही रिसीव्हरच हवा होता. जेफरसन समोर असताना त्यांनी टेक्सास ख्रिश्चनचा जेलन रेगर घेतला. रेगर दोन हंगामांत काही करू शकला नाही आणि २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला देऊन टाकलं, तेही मिनेसोटाला. गरज दोघांची तीच, दिवस तोच, क्रमांक लागून. म्हणजे जेफरसनचं यश गरजेच्या खात्यावर टाकायचं तर रेगरचं अपयशही तिथेच टाकावं लागेल.

आणखी खोलात गेलं तर मला एक गोष्ट सापडली. २००५ च्या पहिल्या फेरीत सहा रिसीव्हर घेतले गेले. २०२० च्या पहिल्या फेरीतही सहाच. २००५ च्या सहांत ज्याची दीर्घ आणि उत्तम कारकीर्द झाली तो एकटा रॉडी व्हाइट, आणि तो सत्ताविसावा गेला, सहांतला शेवटचा. २०२० च्या सहांत जेफरसन, सीडी लॅम, ब्रँडन आयुक असे तीन पहिल्या प्रतीचे निघाले. दोन्ही वर्षी मागणी तेवढीच होती. पीक वेगवेगळं होतं. कॉलेजांतून कुठल्या वर्षी कुठल्या जागेचे चांगले खेळाडू बाहेर पडतील हे संघाच्या गरजेला विचारून ठरत नाही. गरज आणि सुगी एकाच वर्षी आली तर गरजेची निवड शहाणपणाची दिसते. नाही आली तरी संघ तितक्याच आवेशाने निवड करतात, कारण भोक तर तिथेच असतं.

आणि संघ सुधारला का, हा तर मूळ प्रश्न होता. २००४ मध्ये व्हायकिंग्ज आठ जिंकले, आठ हरले. विल्यमसन आला त्या वर्षी नऊ जिंकले, सात हरले. २०१९ मध्ये दहा जिंकले, सहा हरले. जेफरसन आला आणि १,४०० यार्ड खेळला त्या वर्षी सात जिंकले, नऊ हरले. अपयशी निवडीच्या वर्षी संघ वर गेला, देदीप्यमान निवडीच्या वर्षी खाली आला. त्रेपन्न जणांच्या संघात एक नवा मुलगा, त्यातही क्वार्टरबॅक नसेल तर, एका हंगामात तराजू झुकवू शकत नाही. ज्या भोकासाठी आपण पाच वर्षांचा करार खर्च करतो ते बुजलं तरी निकाल तिथल्या तिथे बदलत नाहीत, आणि गरजेचं समर्थन करणारे नेमकं हेच वचन देतात.

म्हणून "यादीतला सर्वोत्तम घ्या" हा पक्ष बिनचूक ठरतो का? तसंही नाही. डेट्रॉइट लायन्सनी २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चार्ल्स रॉजर्स घेतला, रिसीव्हर. २००४ मध्ये सातव्यावर रॉय विल्यम्स, रिसीव्हर. २००५ मध्ये दहाव्यावर माइक विल्यम्स, रिसीव्हरच. सलग तीन वर्षं पहिल्या फेरीचा खर्च एकाच जागेवर. त्या माइक विल्यम्सच्या लगेच पुढच्या क्रमांकावर डॅलसने डिमार्कस वेअर घेतला, जो बचावातला त्या पिढीचा एक थोर खेळाडू झाला. २००७ मध्ये डेट्रॉइटने चौथा रिसीव्हर घेतला, कॅल्व्हिन जॉन्सन, आणि तो खरोखर महान निघाला. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, संघ सोळापैकी सोळा सामने हरला. एकाच्या हातात चेंडू असताना बाकीचे तिघे झेलू शकत नाहीत, आणि फेकणारा नसेल तर चौघेही उपाशी. "सर्वोत्तम" ठरवताना त्या जागेचं संघाला मोल किती, हे पाहावंच लागतं. त्याला मी गरज म्हणत नाही. डावा टॅकल, क्वार्टरबॅक, क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एज खेळाडू यांचं मोल दरवर्षी जास्तच असतं, आपल्याकडे ते असोत वा नसोत.

बाल्टिमोरचं १९९६ चं उदाहरण मला या बाबतीत आदर्श वाटतं. संघ नुकताच क्लीव्हलंडहून उठून आला होता, त्याचं नावही नवंच होतं. ओझी न्यूसम पहिल्यांदाच निवड सांभाळत होते. चौथा क्रमांक आला. मालक आर्ट मॉडेल यांचा कल नेब्रास्काच्या लॉरेन्स फिलिप्सकडे होता, कारण संघाला धावणारा हवा होता. यादीत सर्वांत वर नाव होतं जोनाथन ऑग्डेनचं, डाव्या टॅकलचं. आणि डावा टॅकल त्यांच्याकडे होता. न्यूसमनी यादी पाळली. ऑग्डेन पहिलं वर्ष शेजारच्या, गार्डच्या जागेवर खेळला, पुढच्या वर्षी जुना टॅकल दुसऱ्या संघाकडे गेला आणि ही जागा अकरा हंगामांसाठी बंद झाली. त्याच फेरीत सव्विसाव्या क्रमांकावर न्यूसमनी रे लुईस घेतला. दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत, आणि बाल्टिमोरने २००१ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकला तेव्हा दोघेही मैदानात होते. न्यूसम यांची यादी आधीच शांत डोक्याने बनलेली होती. ड्राफ्टच्या दिवशी घड्याळ चालू असताना, मालक खोलीत असताना ती बदलायची नाही, एवढं त्यांनी पाळलं.

पण यादीवर तरी किती विश्वास ठेवायचा? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी ड्राफ्टचा मोठा अभ्यास केला. थेलर म्हणजे ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते. त्यांनी एक साधी तुलना केली : एकाच जागेचे, एकामागोमाग निवडले गेलेले दोन खेळाडू घ्या आणि आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघतो का पाहा. शंभरात बावन्न-त्रेपन्न वेळा निघतो. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. आणि हे कोटीकोटींचे स्काऊट, वर्षभराच्या फिती, धावण्याच्या वेळा, मुलाखती यानंतर. त्यांचा निष्कर्ष असा होता की संघांना स्वतःच्या पारखीवर फाजील विश्वास आहे, म्हणून ते वरच्या क्रमांकांसाठी वाजवीपेक्षा जास्त मोजतात.

यात गरजेच्या पक्षाचा एक मुद्दा दडलेला आहे आणि तो मी मान्य करतो. दोन खेळाडूंमध्ये कोण सरस हे कळतच नसेल, दोघे यादीत लागून असतील, तर ज्याची जागा रिकामी आहे तो घ्या, काही बिघडत नाही. बिघडतं ते विसाव्या पायरीवरच्याला गरजेपायी सातव्या पायरीवर उचललं की. मिनेसोटाने २०११ मध्ये हेच केलं. फार्व्ह निवृत्त झाला, क्वार्टरबॅक हवा होता, आणि बाराव्या क्रमांकावर ख्रिश्चन पॉन्डर घेतला. इतक्या वर तो जाईल असं फार थोड्यांना वाटलं होतं. चार वर्षांत तो गेला.

गरजेची आणखी एक किंमत असते. गरजवंताला अक्कल नसते असं आपण म्हणतो, पण इथे अक्कल असूनही उपयोग होत नाही, कारण समोरच्याला तुमची अडचण दिसते. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सना क्वार्टरबॅक हवा होता. तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर, म्हणजे फक्त एक पायरी वर जायला त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला तिसऱ्या फेरीतले दोन आणि चौथ्या फेरीतला एक क्रमांक दिला आणि मिच ट्रुबिस्की घेतला. त्याच फेरीत दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक माहोम्स कॅन्सस सिटीला गेला. कॅन्सस सिटी आदल्या हंगामात बारा सामने जिंकली होती, त्यांच्याकडे ॲलेक्स स्मिथ होता, गरज नव्हती. वर सरकायला त्यांनीही भरपूर मोजलं. पण माहोम्सला एक वर्ष बसवून शिकवता आलं, कारण खेळवायची घाई नव्हती. पुढे त्याने तीन सुपर बोल जिंकून दिले.

मग गरजेचं करायचं काय? ती खरी असते. डावा टॅकल नसेल तर क्वार्टरबॅक मार खातो, हे तत्त्वज्ञानाने सुटत नाही. माझं उत्तर पॅट विल्यम्समध्ये आहे. गरज मार्चमध्ये भागवा. मार्चच्या मध्याला मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो. तिथे सिद्ध झालेली माणसं मिळतात, एक-दोन वर्षांच्या करारावर मिळतात, आणि ती उद्याच खेळू शकतात. अगदी नामांकित नकोत, मधल्या दर्जाची चालतील. प्रत्येक जागेवर उभं राहील असं कुणीतरी एप्रिलच्या आधी असलं, म्हणजे ड्राफ्टच्या दिवशी डोळे उघडे राहतात. गरज शिल्लक ठेवून एप्रिलमध्ये पोचणं हीच खरी चूक. विल्यमसनचं नाव पुकारलं जायच्या महिनाभर आधीच ती झालेली होती.

कराराच्या मुदतीचा मुद्दा किती निर्णायक आहे हे आपल्याकडच्या एका उदाहरणाने पटेल. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा भारतीय खेळाडूंची वाटणी ड्राफ्टनेच झाली, मुंबईत.  स्पर्धा ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात संपायची होती. अडीच महिन्यांसाठी संघ उभा करताना गोलरक्षक नसेल तर गोलरक्षकच घ्यावा लागतो. तिथे गरज हाच एकमेव शहाणपणा. करार चार-पाच वर्षांचा झाला की तोच शहाणपणा उलटतो. गरजेचं आयुष्य आणि कराराचं आयुष्य जितकं जुळेल तितकी गरजेची निवड बरोबर.

एक जागा मात्र या सगळ्याला अपवाद आहे, क्वार्टरबॅकची. तिथे गरज कधी संपतच नाही, फक्त काही वर्षं दिसत नाही. २०२४ मध्ये अटलांटाने मिनेसोटाच्याच कर्क कझिन्सला मार्चमध्ये अवाढव्य करार देऊन नेलं आणि सहा आठवड्यांनी आठव्या क्रमांकावर मायकेल पेनिक्स हा क्वार्टरबॅक घेतला. लोकांनी वेड्यात काढलं. डिसेंबरात कझिन्सला बसवून पेनिक्सला उतरवावं लागलं. तो मोठा होईल की नाही हे वेगळं, पण गरज आठ महिन्यांत आली. ग्रीन बेने तर २००५ चा धडा पंधरा वर्षांनी पुन्हा गिरवला. २०२० मध्ये ते अंतिम फेरीच्या एक पाऊल अलीकडे हरले होते, सगळे रिसीव्हर मागत होते, आणि त्यांनी वर सरकून सव्विसाव्या क्रमांकावर जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला. रॉजर्स दुखावला. पुढची दोन्ही वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा तर लव्हची निवड वाया गेली असंच सगळे म्हणाले. २०२३ मध्ये रॉजर्स गेला, लव्ह उतरला, आणि २०२४ च्या जानेवारीत त्याने डॅलसला डॅलसच्याच मैदानावर ४८-३२ असं हरवलं. त्या संध्याकाळी माझ्या मिनेसोटातल्या घरी सगळे हळहळत होते. माझ्या मनात मात्र ग्रीन बेसाठी निवड करणाऱ्या माणसांविषयी आदर होता, ज्यांनी चार वर्षं टीका ऐकून घेतली आणि त्या मुलाला त्याचा वेळ दिला.